रंगाऱ्याला थांबवा, आधी कपाट सरकवा

पत्र थोडक्यात : ठाणे जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. बिल्डिंग २२ वर्षं जुनी, चार मजली, यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात आणि लोखंडी कपाटाच्या मागे दर पावसाळ्यात काळी बुरशी येते. तीन वर्षांत दोनदा रंग झाला, दुसऱ्या वेळी महागातला ओल-प्रतिबंधक, तरी परत आली. सासूबाईंना दमा आहे आणि त्या त्याच खोलीत झोपतात. ताईंना खात्री आहे की वरच्या काकूंचं बाथरूम गळतंय, काकू म्हणतात अजिबात नाही. नवरा म्हणतो आपल्याकडे पावसात हे चालायचंच, नणंद म्हणाली घर स्वच्छ ठेवलं की बुरशी येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ब्लॅक फंगसचा मेसेज पाठवलाय. घरी दीड दिवसाचा गणपती असतो, तो तीन आठवड्यांवर आलाय, रंगारी ठरलाय. ताई विचारतात, काकूंची सोसायटीत तक्रार करू, पुन्हा रंग लावू, का सरळ घरच विकून टाकू?

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण पत्र वाचताना मला टोचलं ते नणंदेचं वाक्य, म्हणून आधी त्याचं बघू. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, तुमच्या घरात, नणंदेच्या घरात, मी हे लिहितेय त्या टेबलावरसुद्धा. ते हवेतून येतात, चपलेबरोबर येतात, भाजीबरोबर येतात, आणि कितीही पुसलं तरी संपत नाहीत. खायला त्यांना फार काही लागत नाही, कागद, सुती कपडा, चामडं, प्लायवूड, रंगातला चिकट अंश, भिंतीवर बसलेली धूळ, काहीही चालतं. फक्त एक गोष्ट मिळाली नाही तर ते नुसतेच पडून राहतात, ती म्हणजे पाणी. तेव्हा बुरशी आली याचा अर्थ तिथे पाणी पोचतंय एवढाच, तुम्ही केर नीट काढत नाही असा नाही. माझ्या आईच्या लोणच्याच्या बरणीवर बुरा आला की ती कधी बरणी कुणी धुतली होती असं विचारायची नाही, ओला चमचा कुणी घातला असं विचारायची.

आणि हे फक्त आपल्याकडे बायकांना ऐकून घ्यावं लागतं असंही नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल म्हणून गाव आहे, तिथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीने श्वसनाचा आजार होऊन गेलं. वडिलांनी आधीच तक्रार केली होती तर त्यांना वरून रंग मारा म्हणून सांगितलं गेलं, आणि बोट दाखवलं गेलं घरच्यांच्या राहणीकडे. २०२२ मध्ये चौकशीत निकाल आला की मृत्यू बुरशीमुळेच, मग तिथे त्या मुलाच्या नावाने कायदाच झाला, अवाब्ज लॉ म्हणतात त्याला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, त्या घरातली परिस्थिती फार वाईट होती. पण वरून रंग मारा हा सल्ला आणि तुमचंच राहणं चुकतंय हा टोमणा, हे दोन्ही एकत्रच येतात बघा, आणि दोन्हीत पाणी कुठून येतंय हे कुणी बघतच नाही.

आता तो ब्लॅक फंगसचा मेसेज. डिलीट करा. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी आपण जे ऐकलं ते म्युकरमायकोसिस, वेगळ्या जातीच्या बुरशीचं इन्फेक्शन, जास्त करून अनियंत्रित शुगर आणि स्टिरॉइड्स चालू असलेल्या पेशंटना झालं, आणि त्याला काळं म्हणतात ते त्यात शरीराचा भाग मरून काळा पडतो म्हणून, बुरशी काळी म्हणून नव्हे. तुमच्या भिंतीवर आहे ती बहुतेक क्लॅडोस्पोरियम नाहीतर अ‍ॅस्परजिलस नाहीतर असंच काहीतरी, दमट घरात नेहमी सापडणारं. लॅबमध्ये नमुना पाठवून नाव काढायच्या भानगडीत पडू नका, नाव कळलं तरी करायचं तेच आहे.

पण म्हणून मिस्टरांचं चालायचंच हेही मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट म्हटलंय की अशा घरात श्वसनाचे त्रास, अ‍ॅलर्जी आणि दमा वाढतो. अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा त्यांनी दिलेला नाही, कारण असा सुरक्षित आकडा ठरवताच येत नाही. धडधाकट माणसाला नुसत्या शिंका येतील, दम्याच्या माणसाला अटॅक येऊ शकतो. त्यामुळे तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी, आज रात्रीच, सासूबाईंचं अंथरूण हॉलमध्ये घाला. कुरकुर करतील, करू देत. आणि पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात ओल आहे हे आपण होऊन सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्परजिलसचीच अ‍ॅलर्जी असते आणि तिचे उपचार थोडे वेगळे असतात, ती रक्ततपासणीत कळते, पंपाने आराम पडत नसेल किंवा खोकल्यातून तपकिरी घट्ट गुठळ्या पडत असतील तर मुद्दाम विचारा.

आता वरच्या काकू.

मी आमच्या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते. तक्रारींमध्ये पहिला नंबर पार्किंगचा, दुसरा लिकेजचा, आणि लिकेजच्या प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं, वरच्यांच्या बाथरूममधून येतंय. पाणी वरून खाली येतं त्यामुळे माणसाला तसं वाटणारच. एका केसमध्ये तर खालच्यांनी इतका पिच्छा पुरवला की वरच्यांनी वैतागून पूर्ण बाथरूम फोडलं, नवीन कोबा, नवीन टाइल्स, नहाणी ट्रॅप बदलला, सव्वा महिना ती चार माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. पुढच्या जूनमध्ये डाग हजर, त्याच जागी. शेवटी सापडलं काय तर मधल्या छज्जाच्या आणि भिंतीच्या जोडाला भेग, तिच्यात पिंपळाचं रोप, वीतभरच, पण मुळं पार आत गेलेली. त्या दोन घरांचं बोलणं आजही बंद आहे. त्या काळात चौकशी न करता नोटीस टाइप करून देणारी सेक्रेटरी मीच होते, त्यामुळे हा सल्ला थोडा पश्चात्तापातूनही आहे असं समजा.

म्हणून तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि तुम्हीच लिहून गेलेल्या तीन गोष्टींखाली रेघ मारली. एक, बाथरूम खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन, मे महिन्यात भिंत ठणठणीत कोरडी असते. तीन, त्या भिंतीवर दुपारनंतर ऊन येतं. अहो, काकू मे महिन्यातही आंघोळ करतात ना? बाथरूम गळत असतं तर उन्हाळ्यातही डाग ओला राहिला असता. आणि दुपारनंतर ऊन म्हणजे ती भिंत पश्चिमेची, आणि आपल्या किनारपट्टीला पाऊस नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर तिरपा येतो, तो त्या भिंतीवर चार महिने थपडा मारत असतो. कोकणात जुन्या घरांना पावसाच्या बाजूने झावळ्यांच्या झड्या बांधायचे, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी वळचण ठेवायचे, आणि आपण आता सपाट भिंत उभी करतो, तिच्यात एसीच्या ब्रॅकेटची आठ भोकं पाडतो, केबलवाला एक पाडतो, आणि मग आश्चर्य करत बसतो.

तरी हा माझा अंदाज आहे, पत्रावरून भिंत दिसत नाही. खात्री तुम्हाला घरीच करता येईल. कपाट सरकवा. मागे भिंतीवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके असतील ती बुरशी, आणि कापसासारखं पांढरं भुरभुरीत काही असेल, पाणी लावलं की विरघळणारं, कुबट वास नसलेलं, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. लोणा दिसला तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय हे जवळजवळ नक्की. मग एक साधी टेस्ट, पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर तुकडा घ्या, भिंतीची ती जागा कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि चारी बाजूंनी टेप लावून फॉइल घट्ट चिकटवा, दोन दिवस हात लावू नका. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. दोन्हीकडे निघालं तरी नवल वाटून घेऊ नका, तुमच्याकडे मला तीच शंका आहे, ते पुढे सांगते. आणि तिसरं, पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. चार दिवस मुसळधार झाला की परत रेघ, आठवडाभर उघडीप मिळाली की परत रेघ. फोटो काढा. आमच्याकडे एका आजोबांनी अशा अकरा रेघा मारल्या होत्या, नकाशातल्या डोंगरासारख्या एकात एक, आणि कमिटी मीटिंगमध्ये त्या एका फोटोने जे काम केलं ते त्यांच्या तीन वर्षांच्या अर्जांनी केलं नव्हतं.

ज्यांचा डाग पावसाशी न जुळता वरच्यांच्या वापराशी जुळतो त्यांच्यासाठी वेगळी टेस्ट असते, वरच्या बाथरूमची नहाणी बंद करून दोन-तीन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवायचं आणि खाली बघत बसायचं. पण ती वरच्यांच्या राजीखुशीने होते, म्हणून बोलणं बंद करून चालत नाही.

रंगाबद्दल. गणपतीच्या आधी रंग लावायचा ही आपली जुनी रीत, पण ओलीच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नाही हो. ऑगस्टमध्ये भिंत पोटातून भिजलेली असते, तिच्यावर आतून ओल-प्रतिबंधक रंग लावला म्हणजे पाण्याचा खोलीकडे यायचा रस्ता बंद, पण बाहेरून येणं तर चालूच. मग ते पाणी रंगाच्या मागून ढकलतं, फुगे येतात, पोपडे निघतात, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे हेच झालं असणार. पाणी थांबवायचं ते बाहेरच्या बाजूने. रंगाऱ्याला फोन करून सांगा, डिसेंबरनंतर बघू. त्या कोपऱ्यापुढे या वर्षी मखराचा मागचा पडदा जरा मोठा लावा, पाहुण्यांना कळणारही नाही. मात्र पडदा भिंतीला चिकटवू नका आणि बाप्पा गेले की लगेच काढा.

आता मघाशी म्हटलं ते, खोलीतली वाफ. तुम्ही लिहिलंय पावसात कपडे बेडरूममध्येच दोऱ्यांवर वाळवता, खिडकी बंद करून. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही सहज लिटर-दोन लिटर पाणी असतं. ते कपड्यातून निघून जाणार कुठे? त्याच खोलीच्या हवेत, आणि तिथून सगळ्यात गार जागेवर, म्हणजे कपाटामागे, जिथे वारा फिरकत नाही. म्हणजे भिंत बाहेरून भिजतेय आणि आतून आपण तिला वाळू देत नाही असं दुहेरी चाललंय. दोष देत नाहीये, सातशे फुटांच्या घरात कपडे वाळवायचे कुठे हा प्रश्न मलाही जन्मभर सुटलेला नाही. तरी हॉलमध्ये फुल पंख्याखाली वाळवा, ती बाहेरची भिंत सोडून कुठेही चालेल. कपाट भिंतीपासून निदान चार बोटं पुढे, वरच्या बॅगा आणि गाद्याही भिंतीला टेकू देऊ नका. फर्निचर भिंतीत फिट केलेलं असेल (हे बाकीच्या वाचकांसाठी) तर सुताराकडून मागचा प्लाय काढून घ्या किंवा खाली-वर जाळी बसवून घ्या.

खिडक्या उघड्या ठेवा असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं. जुलैमध्ये बाहेरचीच हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते, ती आत घेऊन काय वाळणार? स्वयंपाक आणि आंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट लावून वाफ बाहेर काढा, उघडीप मिळाली की खिडक्या उघडा, मुसळधार चालू असेल तर बंद ठेवून पंखा नाहीतर एसीचा ड्राय मोड. पाचशेच्या आत आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं मीटर मिळतं, ते घ्या, साठ टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न असू दे, आपल्याकडे पावसात रोज जमणार नाही पण कुठल्या खोलीत काय चाललंय ते कळतं. परवडत असेल तर डीह्युमिडिफायर सासूबाईंच्या खोलीसाठी खरंच उपयोगी, स्वस्त नसतो. कापूर, डांबरगोळ्या, उदबत्ती यांनी वास झाकला जातो, बुरशी जात नाही, आणि उदबत्तीचा धूर दम्याला उलट त्रासच.

भिंत पुसायची कशी ते नीट वाचा, इथे लोक हमखास चुकतात. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडलंत की लाखो बीजाणू खोलीभर उडतात. एन ९५ मास्क, हातमोजे, चष्मा, सासूबाई आणि मुलगा बाहेर, खोलीचं दार बंद. कोमट पाण्यात थोडी कपड्यांची पावडर, जुनं सुती फडकं पिळून घ्यायचं, पुसायचं, घडी बदलायची, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं, मग कोरड्या फडक्याने टिपायचं आणि वर पंखा. साधारण तीन बाय तीन फुटांपर्यंत डाग असेल तर घरी करा, त्याहून मोठा असेल किंवा गिलावाच पोकळ वाजत असेल तर माणूस बोलवा. ब्लीचने डाग पांढरा होतो म्हणून लोकांना बरं वाटतं, पण मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते, त्यामुळे पुसून काढणं महत्त्वाचं. आणि कुणी काहीही सांगू दे, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू नका, त्यात अ‍ॅसिड असतं आणि दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो. दम्याच्या घरात तर नकोच नको.

राहता राहिली सोसायटी. मॉडेल बाय-लॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, बाथरूम, सिंक वगैरेमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांचा, आणि पावसाच्या पाण्याने, गच्चीतून, बाहेरच्या कॉमन पाइपमधून येणाऱ्या ओलीचा खर्च सोसायटीचा. म्हणजे गंमत बघा, तुम्ही काकूंशी भांडून जिंकायला निघालात, पण तुमचा खरा फायदा काकू निर्दोष निघण्यात आहे. पेन्सिलच्या रेघांचे फोटो, फॉइल टेस्टचा फोटो लावून सेक्रेटरीच्या नावाने अर्ज लिहा, एका कॉपीवर पोच घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज अर्ज होत नाही. अर्जात एक ओळ जरूर घाला, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं? १५ ते ३० वर्षं जुन्या बिल्डिंगचं ते दर ५ वर्षांनी व्हायला हवं, तुमची बावीसची आहे. बाहेरचं काम, भेगा व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने भरणं, छज्जाचे जोड, पाइपभोवतीची भोकं, मग बाहेरून कोटिंग, हे सगळं पाऊस गेल्यावर, नोव्हेंबर ते मे. त्यानंतर आतली भिंत गिलाव्यापर्यंत खरवडून महिना-दोन महिने तशीच उघडी वाळू द्या, भुतासारखी दिसेल, दिसू दे. मग प्रायमर, लांबी, रंग. भाड्याने राहणाऱ्यांनी हेच फोटो घरमालकाला लेखी पाठवावेत, डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी कामाला येतात.

घर विकायचं काय? भिंतीला भेग आहे म्हणून घर विकू नका. ऑडिटमध्ये कॉलमच्या सळ्या गंजून काँक्रीट सुटतंय असं काही निघालं तर विषय वेगळा, तेव्हा परत लिहा. नाहीतर दुसरं घर घ्याल, तेही बहुतेक मे महिन्यात बघाल, नवा रंग मारलेलं, आणि तिथे कपाटामागे काय आहे ते जुलैत कळेल.

आणि काकूंकडे आजच जा, तक्रार घेऊन नको. गणपतीच्या आरतीचं आमंत्रण द्या, आणि निघता निघता म्हणा, काकू, तुमच्या बेडरूमच्या त्याच भिंतीला काही येतं का हो पावसात? त्या म्हणतील, नाही बाई. मग म्हणा, कपाट जरा सरकवून बघूया का, मी हात लावते.